चाचणी आणि आकडा

पावसाळा सरत आला की जिल्हा कार्यालयांत डेंग्यूच्या आकड्यांची चर्चा सुरू होते. रुग्ण वाढल्याचे सांगणारा अधिकारी बैठकीत आरोपीसारखा उभा राहतो. 'आमच्याकडे एकही नाही' असे सांगणाऱ्याचे कौतुक होते. हे चित्र मी एकाहून अधिक राज्यांत पाहिले आहे आणि ते मला घातक वाटते.

रुग्ण निश्चित ठरतो तो चाचणीने. ताप येऊन पाच दिवस झाले नसतील तर रक्तात एनएस-१ हे विषाणूचे प्रथिन शोधावे लागते. त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडे. दोन्हींसाठी राष्ट्रीय कार्यक्रमाने एलायझा पद्धत ग्राह्य धरली आहे. झटपट पट्टीवरील होकार 'संभाव्य' ठरतो, 'निश्चित' नव्हे. आयजीएम चाचणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था देशभरातील निवडक रुग्णालयांना विनामूल्य पुरविते. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला याचा अभिमान वाटावा.

परंतु संच पोहोचला म्हणजे काम झाले असे नाही. अर्जावर ताप सुरू झाल्याची तारीख नसेल तर तिसऱ्या दिवशीच्या रक्ताची आयजीएम चाचणी होते, नकार येतो आणि डेंग्यू नसल्याचा समज पसरतो. उलट, आयजीएम दोन-तीन महिने रक्तात टिकत असल्याने होकार जुन्या संसर्गाचाही असू शकतो. त्यात एलायझाची तबकडी ९६ खाचांची. पुरेसे नमुने जमेपर्यंत लहान प्रयोगशाळा थांबते. तोवर अंड्यापासून डासांची नवी पिढी तयार होते, कारण तिला आठ-दहा दिवस पुरतात.

डेंग्यूवर विशिष्ट औषध नाही. रुग्णाची स्थिती पाहून वैद्य उपचार सुरू करतातच. अहवालाची निकड खरी असते ती प्रशासनाला. कोणत्या वस्तीतील पाण्याची पिंपे रिकामी करावयाची, हे त्यावरून ठरते. उशिरा आलेला अहवाल केवळ दप्तराची भर करतो.

म्हणून माझे मत असे की, रुग्णसंख्या कधीही एकटी मागू नये. तिच्याशेजारी तपासलेल्या नमुन्यांची संख्या असावी. तापाच्या तारखेविना नमुना पाठवू नये. आणि नमुना घेतल्यापासून अहवाल मिळेपर्यंत किती दिवस गेले, हाच बैठकीतील पहिला प्रश्न असावा. ज्या जिल्ह्यात चाचण्याच होत नाहीत तेथील शून्य हे यश नव्हे, ते अज्ञान आहे. आणि अज्ञानाला शाबासकी दिली की पुढच्या वर्षी सारेच शून्य कळवू लागतात.