स्लॅब पडला, पुढे काय?

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत वाक्यात उपयोग करून संपवलेली आहे. पण होस्टेलवर राहणाऱ्या पोराच्या नशिबी घर ‘बांधून’ पाहणं नसतं. त्याला ते फोनवर पाहावं लागतं. रोज संध्याकाळी मेसच्या रांगेत उभं असताना व्हॉट्सॲपवर फोटो येतो. पाया खणला. जोतं भरलं. कॉलम उभे राहिले. आणि एक दिवस अण्णांचा मेसेज येतो, ‘आज स्लॅब पडला.’ शेजारी वाचणारा मुंबईचा रूममेट घाबरून विचारतो, ‘कुणाला लागलं तर नाही ना?’ त्याला समजवावं लागतं की बाबा रे, आमच्याकडे स्लॅब पडतो तेव्हा पेढे वाटतात!

गंमत सोडा. मला म्हणायचं आहे ते असं, की फोटोत घराची उंची दिसते, मजबुती दिसत नाही. आणि आपण सगळे, घरचे काय आणि होस्टेलवरचे काय, फक्त उंचीच मोजत बसतो.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. किल्लारी याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भूकंप झाला आणि सुमारे १० हजार माणसं गेली. बहुतेक घरं दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद. जे छप्पर उन्हाळ्यात थंडावा द्यायचं, तेच झोपलेल्या माणसांवर आलं. आमची आजी अजूनही दगडी भिंतीकडे डोकं करून झोपत नाही. त्यामुळे आमच्या भागात ‘आरसीसीचं घर’ ही हौस नाही, तो एक मानसिक आधार आहे. आरसीसी म्हटलं की माणूस निश्चिंत.

पण मित्रांनो, आरसीसी हे तीन अक्षरांचं कवच नाही. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, तेव्हा २०० किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादमध्येही आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या. नाव आरसीसीच होतं. फरक पडतो तो डिझाइनने आणि साइटवर काम कसं झालं त्याने.

साइटवर सगळ्यात स्वस्त समजली जाणारी आणि सगळ्यात जास्त नडणारी वस्तू म्हणजे पाणी. कालवताना ते जास्त पडतं आणि नंतर कमी. माल पातळ असला की पसरायला सोपा, म्हणून मिक्सरमध्ये एक बादली जास्त जाते. एम-२० काँक्रीटला साध्या हवामानात पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५५ च्या वर नको, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला जास्तीत जास्त साडेसत्तावीस लिटर, आणि त्यात ओल्या वाळूतलं पाणीही धरायचं. जादा पाणी पुढे उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवून जातं.

उलट नंतर पाणी लागतं तेव्हा माणूस जागेवर नसतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी क्रिया होऊन घट्ट होतं. म्हणून आयएस ४५६ : २००० सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा ठेवा. कडक कोरड्या उन्हाळ्यात हेच अनुक्रमे १० आणि १४ दिवस. हे दिवस फोटोत ‘काहीच झालं नाही’ असे दिसतात. प्रत्यक्षात घर याच दिवसांत तयार होत असतं.

आता व्यवहार बघा. ठेकेदाराचे हप्ते कशावर? जोतं, स्लॅब, प्लास्टर. लोनचे हप्तेही बांधकाम कुठवर आलं ते बघूनच सुटतात. पाणी मारायचा हप्ता कुठेच नाही. मग ते काम कोण करणार? आमच्याकडे आई करते. सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे स्लॅबवर पाणी ओतणं जिवावर येतं हे मान्य. पण त्यालाही उपाय आहेत. स्लॅबवर वाफे करून पाणी तुंबवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक बांधा, पाणी कमी लागतं.

आमच्या ठेकेदाराला सहाव्या दिवशीच सेंट्रिंग काढायचं होतं, कारण प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. कोडप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे किमान १४ दिवस ठेवायचे, तेही साध्या सिमेंटला. आमचं तर पीपीसी. मी अण्णांना तेवढं कळवलं. अण्णांनी प्लेटांचं जादा भाडं कबूल केलं आणि विषय संपला. भांडण झालं नाही.

यावर कुणी म्हणेल, ‘मिस्त्री २० वर्षं हेच करतोय, तू थर्ड इयरचा पोरगा त्याला काय शिकवणार?’ बरोबर आहे. ओळंबा लावणं, सूत धरणं यात आपण त्याच्यासमोर शून्य, तिथे शिकायलाच जावं. पण टेकू किती दिवस ठेवायचे हा त्याच्या हाताच्या कौशल्याचा प्रश्न नाही. तो जादा दिवसाचे पैसे कोण देणार याचा प्रश्न आहे, आणि तो घरमालकानेच सोडवायचा असतो.

आणि हे फक्त सिव्हिलवाल्यांचं काम नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांनी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विचारावा. कॉम्प्युटरवाल्यांनी प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीतल्या पाइपांचे फोटो तारखेसह जपून ठेवावेत. पुढे भिंतीत खिळा ठोकताना घरचे दुवा देतील.

तेव्हा आज रात्री घरी फोन कराल तेव्हा ‘कुठपर्यंत आलं?’ एवढंच विचारू नका. ‘आज पाणी मारलं का? सळईखाली कव्हर ब्लॉक होते का? टेकू कधी काढणार?’ हेही विचारा. आपली फी आणि घराचं सिमेंट एकाच खिशातून जातं. व्हायव्हात दिलेली उत्तरं त्या खिशाच्या थोडी तरी कामी यायला हवीत.