पास्ता दिवसाउजेडी



आपल्या बायकांत हल्ली एक वाद वारंवार निघतो. जैन घरात पास्ता शिजवावा का? काहीजणी म्हणतात, हे परक्यांचं खाणं, आपल्या चुलीवर नकोच. काहीजणी म्हणतात, कांदा-लसूण काढला की झालं जैन, त्यात काय एवढं! मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. माझं मत असं की पास्ता खुशाल करा, ओव्हनमध्ये भाजून करा, पण दिवसा करा, दिवसाच वाढा, आणि पाकिटामागचं वाचल्याशिवाय घरात आणू नका.

आधी परकेपणाचं बघू. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे सरगुंडे कोणाला माहीत नाहीत? गव्हाची कणीक बारीक काडीवर गुंडाळायची, काडी काढून घ्यायची, पोकळ नळ्या उन्हात वाळवायच्या आणि उन्हाळ्यात शिजवून आंब्याच्या रसाबरोबर खायच्या. पोकळ नळीचा वाळवलेला गहू म्हणजे दुसरं काय असतं? इटलीची बाई त्याला पास्ता म्हणते, माझी आजी सरगुंडे म्हणायची. पास्त्याचा रवा ड्युरम गव्हाचा असतो, आणि आपल्याकडचा जुना बन्सी गहू त्याच जातीचा. तेव्हा गव्हाची नळी परकी नाही. टोमॅटो तर कुठल्या कुठून आला, पण त्याला भेदरं म्हणत आपण घरचाच करून टाकला.

आता 'जैन पास्ता' म्हणणाऱ्यांचं. हॉटेलच्या यादीत 'जैन' लिहिलं की कांदा, लसूण आणि बटाटा वगळलेला असतो. पण पाणी गाळलेलं आहे का, वर कोणतं चीज आहे, शेजारच्या भांड्यात काय शिजतंय आणि घड्याळात किती वाजलेत, हे त्या यादीत नसतं. रात्री नऊ वाजता खाल्लेला 'जैन पास्ता' मला कधी समजला नाही. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत, त्यांत सहावी रात्रिभोजनत्यागाची आहे. म्हणजे वेळेचा विचार ताटातल्या पदार्थापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. आता विजेचे दिवे आहेत, किडे दिसतात, असं कोणी म्हणालं तर त्यांनी पावसाळ्यात आमच्या केळझरला यावं. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की पाच मिनिटांत तिच्याखाली काय काय जमतं ते बघावं आणि मग उघडं ताट घेऊन तिथे बसावं.

खरी अडचण वेळेचीच आहे, आणि तीच मला जास्त सलते. आमच्याकडे डिसेंबरात साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, जूनअखेरीस सातच्या जवळ. दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी उरकायचं तर हिवाळ्यात पावणेपाचलाच ताटं वाढावी लागतात. मुलगा बुटीबोरीला नोकरीला, सून सेलूला, नातवंडांची शाळा आणि शिकवणी. परिणाम काय होतो? म्हातारी माणसं पाचला जेवतात, तरुण माणसं नऊला जेवतात, आणि एका घरात दोन घरं होतात. धर्म पाळणारे वेगळे बसतात आणि न पाळणाऱ्यांना वाटतं, हा आजी-आजोबांचा नियम आहे, आपला नाही. पुढच्या पिढीतून रात्रिभोजनत्याग जातो तो प्रवचन कमी पडल्यामुळे नाही. पाच वाजताच्या ताटात त्यांना बोलावणारं काहीच नसतं म्हणून तो जातो.

म्हणून मी म्हणते, आठवड्यातून एक-दोन दिवस तरी त्या ताटात मुलांना हवं ते असू द्या. मुलाची पहिली पाळी असली की तो साडेचारपर्यंत घरी येतो, त्या आठवड्यात मी पास्त्याचा बेत ठरवते. नातवाला वाफाळतं ताट दिसलं की तो शिकवणीची वेळ स्वतः बदलून घेतो, मला सांगावं लागत नाही. आम्ही दोघं दोन घडींचा नियम पाळतो. मुलांना मी सूर्य मावळेपर्यंतची मुभा देते. काहीजणींना ही सूट वाटेल. मला ती पायरी वाटते.

या पदार्थाचा गुण असा की नव्वद टक्के काम दुपारीच होतं. पाच माणसांना 400 ग्रॅम पास्ता पुरतो, माणशी 80 ग्रॅम. मोजूनच घ्या, कारण उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाणं आपल्यात बसत नाही. कॉमर्स शिकल्याचा मला स्वयंपाकघरात झालेला फायदा म्हणजे हा अंदाज!

किलोभर पिकली भेदरं चिरून, दोन चमचे तेलात हिंग, मिरपूड आणि अर्धा चमचा ओवा चुरडून परता. ओव्यात थायमॉल असतं, तेच त्या परदेशी थाइमच्या पाल्यातही असतं, म्हणून वास जमतो आणि लसणाची आठवण कोणाला होत नाही. त्यात ढोबळी मिरची, मक्याचे दाणे आणि लाल भोपळ्याच्या बारीक फोडी घालून मऊ शिजवा. मीठ आणि चिमूटभर गूळ. गाजर नको, फ्लॉवरही नको, त्यात अळ्या लपतात. आमच्याकडे मटारही घालत नाहीत, दुधाबरोबर द्विदल नको म्हणून.

पांढऱ्या सॉसला दोन मोठे चमचे तूप, तेवढीच कणीक मंद आचेवर खमंग भाजा आणि अर्धा लिटर दूध थोडं थोडं ओतत ढवळा. मैद्याची गरज नाही. गाळलेल्या पाण्यात मीठ घालून पास्ता थोडा कच्चाच ठेवून उकडा. लाल सॉस आणि पांढरा सॉस एकत्र करू नका, दूध फाटतं. आधी पास्ता लाल सॉसमध्ये कालवून भांड्यात पसरा, वर पांढरा सॉस, त्यावर किसलेलं चीज. एवढं तीनपर्यंत तयार होतं. चार वाजता 200 अंशांवर वीस मिनिटं, वर सोनेरी डाग पडेपर्यंत. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत तळाशी मीठ पसरून त्यावर ताटली ठेवा, कढई तापू द्या आणि झाकण घालून भांडं आत ठेवा. रंग कमी येतो, चव तीच. वर थोडा सांबार चिरून घाला. अष्टमी-चतुर्दशीला ज्यांच्याकडे हिरवं वर्ज्य असतं, त्यांनी भेदरं, भाज्या आणि सांबार सोडून नुसत्या पांढऱ्या सॉसचा करावा. तोही छान लागतो.

आता पाकिटाचं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, जैन नव्हे. मशरूमवरही हिरवा ठिपकाच असतो, आणि तयार सॉसच्या बाटलीत बहुतेक वेळा कांदा-लसूण असतो. पास्त्यात अंडं घालण्याचीही पद्धत आहे, तेव्हा तयार पास्त्यावर फक्त ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला बघा. चीज जमवायला रेनेट लागतं, आणि ते मूळचं वासराच्या जठरातलं. अस्सल इटालियन पार्मेजान तर त्याच्याशिवाय बनवत नाहीत, तसा तिथला नियमच आहे. आपल्याकडच्या पाकिटावर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेबल रेनेट लिहिलेलं असेल तरच घ्या. शंका राहिली तर घरी लिंबावर दूध फाडून पनीर करा आणि सायीत कालवून वर पसरा. ते वितळत नाही, पण मन स्वस्थ राहतं.

एक आक्षेप मात्र मी मान्य करते. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची. दुकानातला पास्ता महिनोन्‌महिने पडून असतो. जी बाई मर्यादेचं, सोधाचं जेवण जेवते तिच्यासाठी हा पदार्थ नाही, आणि माताजी-महाराजांच्या चौक्यात तर नाहीच नाही. तिने ताज्या पिठाचे सरगुंडे त्याच दिवशी ओले शिजवून याच सॉसमध्ये घालावेत. पण ज्या घरात दुकानची बिस्किटं आणि फरसाण रोज चालतात, त्या घराने पास्त्याच्या वेळी मर्यादा आठवणं मला पटत नाही. मर्यादा पाळायची तर बिस्किटांपासून सुरुवात करू या.

हिशेबही सांगते. आमच्या पाच माणसांचा हा बेत तीनशे रुपयांच्या आसपास जातो. तेवढ्यात बाहेर दोन माणसांचं होत नाही. पण पैसे ही दुय्यम गोष्ट. उन्हं कलताना पाच ताटं एकदम वाढली जातात, कोणाला नियमाची आठवण करून द्यावी लागत नाही आणि कोणी कोणासाठी रात्री पुन्हा गॅस पेटवत नाही. सुनेचाही दिवस सातला मोकळा होतो. नियम टिकवायचा असेल तर तो घरातल्या बाईच्या डोक्यावरचं ओझं होऊन टिकणार नाही, हे आपण सासवांनी समजून घेतलं पाहिजे.

तुमच्या घरी सूर्यास्ताआधी सगळे एकत्र बसतात का? बसत असतील तर त्या दिवशी ताटात काय असतं, ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र!