मुलीची पाठ कोण बघतं?

माझ्या वर्कशॉपमध्ये येणारी आई खुर्चीत टेकायच्या आधीच कारण सांगून मोकळी होते. ‘दप्तर कायम एकाच खांद्यावर, मॅडम.’ ‘पालथी पडून मोबाइल बघते.’ ‘दुधाला तोंड लावत नाही.’ सोबत आजी असली तर तिचा रोख सुनेवर असतो. आणि जिच्या पाठीवरून हे सगळं चाललेलं असतं ती बारा-तेरा वर्षांची मुलगी ओढणी सावरत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी असते.

मी मिरजेत ऑर्थोटिस्ट आहे. हात, पाय, मान, कणा यांना आधार देणारी साधनं बनवते. स्कोलिओसिस असलेल्या मुलांसाठी ब्रेस बनवणं हा त्यातला एक भाग. या आजारात घरच्यांचं काय चुकलं याची चर्चा फार होते. खरा फरक पडतो तो वेळेत पाठ बघितल्याने, आणि ते मात्र कोणीच करत नाही.

स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता बाजूला झुकत नाही, स्वतःभोवती पिळलाही जातो. त्या पिळामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे येतात, एक खांदा वर दिसतो, कंबरेची एक बाजू सरळ आणि दुसरी खोल होते. वळण किती आहे ते एक्स-रेवर कोन मोजून ठरवतात. जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. कोन १० अंश किंवा जास्त भरला तर तो स्कोलिओसिस. दहा ते सोळा वयाच्या शंभर मुलांत दोन-तीन जणांना तो असतो. लहान वळणं मुलग्यांत आणि मुलींत जवळपास सारखीच आढळतात, पण उपचार लागावेत एवढी वाढतात ती मुलींमध्ये कित्येक पटींनी जास्त.

आता कारणांबद्दल. काही बाळांचे मणके पोटातच अर्धवट घडतात किंवा एकमेकांना चिकटलेले राहतात. काहींना सेरेब्रल पाल्सी किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफी असते आणि कमजोर स्नायूंना कणा तोलून धरता येत नाही. एके काळी पोलिओमुळेही असं व्हायचं. पण दहातल्या आठ जणांत असं नेमकं कारण सापडत नाही. काही घरांत आई, मावशी, बहीण अशी साखळी दिसते, म्हणजे अनुवंशाचा हात आहे. दप्तर, बसण्याची ढब किंवा न प्यायलेलं दूध यांमुळे मात्र हा स्कोलिओसिस होत नाही. दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं असं २०२० चं राष्ट्रीय धोरण सांगतं. ते पाळावंच, पाठदुखी आणि दमणूक यांसाठी ते रास्त आहे. पण दप्तर हलकं केल्याने पिळलेला कणा सरळ होणार नाही. ‘नीट बस, नीट बस’ ऐकून ऐकून मुलगी कानकोंडी तेवढी होते.

हे वळण भराभर वाढतं ते उंची वाढण्याच्या वर्षांत, म्हणजे मुलींमध्ये साधारण दहा ते चौदा या वयात. नेमकी तेव्हाच मुलगी स्वतःचं स्वतः न्हायला लागते, कडी लावून कपडे बदलते, वर सैल कुडता किंवा टी-शर्ट चढवते. आईला तिची पाठ दिसेनाशी होते. वडिलांचा तर प्रश्नच नाही. शिवाय सुरुवातीला हे बहुधा दुखतही नाही, त्यामुळे ती स्वतः काही सांगत नाही. मग लक्षात कोणाच्या येतं? ब्लाउजचं माप घेणाऱ्या शिंपीणबाईंच्या, गॅदरिंगला नऊवारी नेसवणाऱ्या मावशीच्या, नाहीतर दिवाळीच्या पहाटे पाठीला तेल चोळणाऱ्या काकूच्या. तोवर कोन बऱ्याचदा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो.

बघायचं कसं, ते अगदी सोपं आहे. विल्यम अॅडम्स या इंग्रज सर्जननी १८६५ मध्ये सांगितलेली तपासणी आहे ती. मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून खाली सोडत पुढे वाकायला सांगायचं. मागून बघायचं. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. पाठ नीट दिसेल असा पातळ बनियन अंगावर असला तरी काम भागतं. एक मिनिटही लागत नाही.

वेळेवर माझा एवढा जोर का, ते उपचारांवरून कळेल. वाढत्या वयात कोन २५ अंशांच्या आत असेल तर बहुतेकदा फक्त लक्ष ठेवतात आणि दर चार-सहा महिन्यांनी तपासतात. २५ ते ४० च्या आसपास आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस. ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण ५० अंशांपुढचं वळण वाढ संपल्यावरही हळूहळू वाढत राहू शकतं. शस्त्रक्रियेत स्क्रू आणि सळ्या घालून मणके सांधतात, तेवढा भाग पुढे वाकत नाही. आता मज्जारज्जूवर यंत्राने सतत लक्ष ठेवून ती करतात. जोखीम कमी झाली आहे, शून्य नाही.

ब्रेस चालतो का, याचं उत्तर २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाने दिलं. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचं वळण वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिलं, न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. ब्रेसमध्ये तापमान नोंदणारं यंत्र बसवून खरे तासही मोजले होते. सरासरी तेरा तासांच्या पुढे घालणाऱ्यांत शंभरातल्या नव्वदाहून अधिक जणांना यश आलं. पण वाढ संपली की ब्रेसचा उपयोग संपतो. औषधाच्या दुकानातला कंबरेचा पट्टा, मालीश किंवा हाडवैद्याचा झटका यांनी वळण थांबत नाही. मणका निखळलेला नसतोच, तो बसवणार काय? योगासनं जरूर करावीत, शरीराला चांगलीच. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले खास व्यायाम ब्रेसच्या जोडीला करावेत, ब्रेसऐवजी नव्हे.

ब्रेस सुखाचा नसतो, हे मी तो बनवूनही सांगते. प्लास्टरने साचा घ्यायचा, तापवलेली प्लास्टिकची शीट त्यावर ओढायची, कडा घासायच्या, पॅड लावायचे. आणि मग तो कडक डबा एप्रिल-मेच्या उकाड्यात अठरा तास अंगावर वागवायचा. आत शिवण नसलेला सुती बनियन लागतो, घामाने ओला झाला की बदलावा लागतो. वर्गातून एवढ्यासाठी पाच मिनिटं सोडलं आणि गणवेश एक माप मोठा चालवून घेतला तर मुली ब्रेस घालतात. बाई सगळ्यांसमोर ‘हे काय घातलंस?’ म्हणाल्या की दुसऱ्या दिवशी ब्रेस कपाटात जातो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक मुलांच्या तपासणीसाठी वर्षातून एकदा शाळेत येतं. मूळ तीस आजारांच्या यादीत जन्मतः वाकडी पावलं आहेत, स्कोलिओसिस नाही. तो घालावा, ही माझी मागणी. मुलींना दहाव्या आणि बाराव्या वर्षी, मुलग्यांना तेरा-चौदाव्या वर्षी एकदा वाकवून बघावं. शिक्षिकेसमोर, आडोशाला, मुलीचा संकोच सांभाळून.

यावर आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. अशा तपासण्यांत विनाकारण घाबरवलं जातं, नको ते एक्स-रे काढले जातात. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये शिफारस करायला पुरावा अपुरा आहे असं म्हटलं. जपानमध्ये मात्र शाळेतली तपासणी कायद्याने होते. माझं म्हणणं असं की जिथे मूल दरवर्षी डॉक्टरांसमोर उभं राहतं तिथला हिशेब वेगळा. आपल्याकडे पहिली नजरच पडत नाही. पाठीवर ठेवायचं कोन मोजण्याचं साधं साधन पथकाला द्यावं आणि तिरकेपणा सात अंश भरला तरच पुढे पाठवावं. अनाठायी एक्स-रे त्याने बरेच टळतील.

यात माझाच धंदा वाढेल, असं कोणी म्हणेल. थोडा वाढेलही. पण सापडलेल्या बहुतेक मुलांना ब्रेससुद्धा लागणार नाही. ‘सहा महिन्यांनी परत या’ एवढंच डॉक्टर सांगतील. मुलींनी हे ऐकण्याच्या वयात डॉक्टरांपर्यंत पोचावं, यासाठी शाळेचं एक मिनिट मागते आहे.