चुनाभट्टीवर माणसं किती?

मागच्या उन्हाळ्यात बचत गटाच्या कामासाठी विदर्भातल्या एका गावी गेले होते. गटातल्या निम्म्या बाया बैठकीला आल्या नाहीत, म्हणून त्यांना भेटायला चुनाभट्टीवरच गेले. कुणी दगड फोडत होत्या, कुणी भट्टीतून निघालेला चुना निवडून पाट्या भरत होत्या. नाकातोंडावर पदर, हातांना चिंध्या. एकीने चिंधी सोडून तळहात पुढे केला. भेगांमध्ये पांढरं भरलेलं. "घाम आला का चावतो, ताई." हजेरीच्या वहीत तिचं नाव शोधलं, तर तिच्या नवऱ्याचं सापडलं. काम जोडीचं, मजुरी जोडीची, नाव मात्र एकाचं.

शेतीला हा चुना लागतो. कोकणातली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, तिथे तो मातीत मिसळतात. सुपारीच्या कोळे रोगावर फवारायचं बोर्डो मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. तेव्हा भट्ट्या बंद करा, असं मी म्हणत नाही. लहान भट्टीवाल्याची परवान्यांपायी दमछाक होते, हेही खरं. १९५७ च्या खनिज कायद्याखाली २०२५ पर्यंत घरबांधणीच्या चुन्यासाठी भट्टीत जाणारी चुनखडी गौण खनिज ठरत होती. तोच दगड दुसऱ्या कामाला गेला की प्रमुख खनिज ठरत होता. चुना भिंतीला जाणार की शेतात, इतकी बारीक चौकशी कायदा करत होता. तो दगड फोडणारी कोण, हे मात्र विचारत नव्हता.

कामगार कायद्याने तरी विचारावं. पण तिथे प्रश्न डोक्यांच्या आकड्याचा. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० आणि विजेशिवाय २० कामगार असले की तो कारखाना. महाराष्ट्राने २०१५ मध्ये हे आकडे दुप्पट केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेत तेच २० आणि ४० देशभर आले. दगड-कोळशाचे थर रचून पेटवायच्या भट्टीला वीज कशाला लागते? म्हणजे तिला ४० चा आकडा. आता जोडीचा हिशेब करून बघा. पन्नास माणसं राबत असली तरी वहीत पंचवीसच. बाईचं नाव न लिहिण्यात नुसता तिचा अपमान नाही, त्यामुळे अख्खी भट्टीच कारखान्याच्या व्याख्येबाहेर जाते. नवऱ्यालाही संरक्षण मिळत नाही, हे त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं. (आमच्या बैठकांना पुरुष येत नाहीत, तो भाग वेगळा.)

चुनाभट्टीचं काम धोक्याचं आहे हे सरकारला ठाऊक नाही, असंही नाही. बालकामगार कायद्याच्या धोकादायक कामांच्या यादीत ते होतंच. कळीचा चुना पाण्याला लागला की उकळतो. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं लागतं, उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. त्या भट्टीवर पिण्यापुरता एक माठ होता.

नव्या संहितेत आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत. दहा कामगार असले तरी प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यावं लागतं. आणि जीवघेण्या कामाच्या जागी संख्येची अट न ठेवता संहिता लागू करण्याची अधिसूचना केंद्र सरकार काढू शकतं. चुनाभट्ट्यांसाठी ती निघावी ही मागणी संघटनांनी लावून धरायला हवी. तोवर पत्र मागायचं, ते बाईच्या स्वतःच्या नावाचं.

निघताना मालकाला वहीबद्दल विचारलं. "जोडी म्हणजे एकच धरतो आम्ही, मॅडम," तो म्हणाला. मग पाट्या मोजताना दोघांच्या का मोजता, असं विचारलं, तर हसला. दिवाळीनंतर भट्टी पुन्हा पेटेल तेव्हा गटातल्या बायांनी रोजची हजेरी स्वतःच्या वहीत लिहायचं ठरवलं आहे. दोन वह्या घेऊन दिल्या आहेत.