दारातली दुरुस्ती आणि कायद्याची हद्द

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सॅक्रामेंटो काउंटीने, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्याशी तुलना करता येईल अशा स्थानिक शासनाने, निवासी भागात मोटारीची दुरुस्ती कोणी, कोठे आणि कोणत्या हत्यारांनी करावी याचे नियम आपल्या झोनिंग संहितेत घालून दिले आहेत. झोनिंग म्हणजे जमिनीची वापरानुसार विभागणी, अर्थात राहण्याची जागा, बाजार आणि कारखाने वेगळे ठेवण्याची व्यवस्था. १९२६ साली युक्लिड गाव आणि अँब्लर रिअल्टी यांच्यातील खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनात्मक ठरवली आणि तेव्हापासून खाजगी मालकीच्या जागेतील वापरावर बंधन घालण्याचा स्थानिक शासनाचा अधिकार तेथे पक्का झाला. त्या अधिकाराविषयी वाद नाही. तो दारात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली कोठवर शिरू शकतो, हा प्रश्न मात्र खुला आहे.

सॅक्रामेंटोचा नियम दुरुस्तीचे दोन वर्ग करतो. ब्रेकचे भाग बदलणे, ऑइल आणि फिल्टर बदलणे, पंक्चर काढणे, वंगण देणे आणि किरकोळ ट्यूनिंग ही ‘किरकोळ दुरुस्ती’ असून ती घरी चालते. त्यापलीकडची मोठी कामे निवासी भागात करता येत नाहीत. किरकोळ दुरुस्तीलाही तीन अटी आहेत: घरात सामान्यतः आढळत नाहीत अशी हत्यारे वापरायची नाहीत, त्या जागेत न राहणाऱ्या व्यक्तीच्या नावावरील वाहनाला हात लावायचा नाही, आणि पूर्ण बंदिस्त गॅरेजच्या बाहेर काम करायचे असेल, तर गाडी चोवीस तासांहून अधिक काळ बंद अवस्थेत राहता कामा नये.

या नियमामागील प्रदूषणाची चिंता खरी आहे आणि ती हलक्याने घेता येणार नाही. इंजिनाखालचा नट सोडला की काळे, कोमट तेल धारेने खाली येते, ट्रे लहान असेल तर काठावरून सांडते आणि जुना फिल्टर काढताना त्यातले उरलेले तेल मनगटावरून ओघळून फरशीवर पडते. ही फरशी पाण्याने धुतली की तेल पावसाळी गटारात जाते; हे गटार सांडपाण्याच्या गटाराहून वेगळे असते आणि त्यातले पाणी बहुधा कोणतीही प्रक्रिया न होता नदी-नाल्याला मिळते. एका वेळच्या ऑइल बदलीतून निघालेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते.

परंतु नियमाचा रोख पाहिला की विसंगती दिसते. ज्या कामातून तेल सांडण्याचा धोका सर्वाधिक, ते ऑइल बदलणे परवानगीच्या यादीत आहे. आणि थेंबभरही तेल न सांडणारे शेजारच्या वृद्धेच्या गाडीचे पंक्चर, केवळ गाडी तिच्या नावावर आहे म्हणून, आपल्या दारात काढणे नियमबाह्य ठरते. हत्यारांची अट त्याहून सदोष आहे. घरात सामान्यतः काय आढळते, हे सुताराच्या घरी वेगळे, शेतकऱ्याच्या घरी वेगळे. तेव्हा हवेच्या दाबावर चालणारा पाना किंवा इंजिन उचलण्याचा चेन ब्लॉक नियमात बसतो की नाही, हे तपासनीसाच्या मर्जीवर राहते. काय निषिद्ध आहे हे सामान्य माणसाला आधी कळले पाहिजे, हे फौजदारी कायद्याचे तत्त्व असून भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द करताना संदिग्धता हा मोठा दोष मानला होता. चोवीस तासांची अट रविवारी ब्रेकचे काम काढणाऱ्या नोकरदाराला नडते, कारण गंजलेला एक बोल्ट तुटला आणि नवा मंगळवारी मिळाला, की तो नियमभंग करणारा ठरतो. ज्याच्याकडे बंदिस्त गॅरेज आहे त्याला मात्र घड्याळाची चिंता नाही. म्हणजे बंधनाचा भार नुकसानीच्या प्रमाणात न पडता घराच्या आकारमानाच्या प्रमाणात पडतो, आणि हा अन्याय आहे. घराआडून चालणारा धंदा रोखायचा असेल, तर मोबदला, वाहनांची संख्या आणि आवाज यांवर मर्यादा घालणे हा सरळ मार्ग आहे.

महाराष्ट्रातील शहरांत चित्र नेमके उलट आहे. येथे विकास नियंत्रण नियमावल्या ‘सेवा उद्योग’ या गटासाठी विजेचा भार, कामगार आणि क्षेत्रफळ यांच्या मर्यादा घालतात. पण त्या व्यवसायाला लागू होतात, स्वतःची स्कूटर उघडून बसलेल्या रहिवाशाला नव्हे. शिवाय बंदिस्त गॅरेज येथे बहुतेकांकडे नसतेच. २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईतील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की खांबांवरील इमारतीखालची मोकळी जागा, म्हणजे स्टिल्ट पार्किंग, हे ‘गॅरेज’ नव्हे. ती सामाईक जागा असून विकासकाला वेगळी विकता येत नाही. सामाईक जागेत एका सभासदाने सांडलेले तेल सर्वांच्या वाटेत येते, म्हणून गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतील, इतर सभासदांना त्रास किंवा उपद्रव होईल असे काही करू नये, ही तरतूद येथे लागू पडते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहेच.

ही आयुधे पुरेशी आहेत, पण सोसायट्यांच्या समित्या ती वापरत नाहीत. फलकावर ‘आवारात गाड्यांची कामे करू नयेत’ अशी एका ओळीची सूचना लागते आणि चेन घट्ट करणारा डिलिव्हरी करणारा मुलगा व रात्री ग्राइंडर चालवणारा हौशी एकाच मापाने मोजले जातात. मोटारसायकलीवर पोट असणाऱ्याला प्रत्येक किरकोळ कामासाठी गॅरेजवाल्याचे पैसे परवडत नाहीत, हे समित्यांनी ध्यानात घ्यायला हवे. सर्वसाधारण सभेने ठराव करून दुरुस्तीची वेळ, जागा आणि खाली ट्रे ठेवण्याची सक्ती ठरवावी, आणि काढलेले तेल कोठे द्यायचे हेही त्यातच लिहावे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. अशा केंद्रांत घरी काढलेले इंजिन ऑइल डब्यात भरून घेण्याची सोय महापालिकांनी करावी आणि त्याचा पत्ता प्रत्येक सोसायटीला कळवावा. त्याशिवाय तेल गटारात ओतणाऱ्याला दंड करण्याचा नैतिक आधार महापालिकेला मिळणार नाही.