विषबाधा मजुराला, निर्दोषत्व कंपनीला!

२०१७ सालच्या खरीप हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तर ८०० हून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपये जाहीर करून राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले, आणि या पथकाने दोषाचे मुख्य माप फवारणाऱ्यांच्याच पदरात टाकले! मजुराने तोंडाला फडके बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, औषधांची मनमानी मिसळ केली. सारांश, तो स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला! तेव्हापासून दर हंगामात हाच पाढा गिरवला जातो.

हा युक्तिवाद तपासून पाहण्याजोगा आहे. कोणते औषध आणायचे, ते मजूर ठरवत नाही. पंप मालकाचा, औषध कृषी सेवा केंद्रातले, आणि सल्लाही विक्रीवर कमिशन मिळवणाऱ्या त्या दुकानदाराचाच. डब्यावरच्या बारीक छपाईतील सूचना अर्धशिक्षित मजुराने वाचाव्यात, आणि सप्टेंबरच्या दमट उन्हात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन रबरी पोशाखात दिवसभर राबावे, अशी अपेक्षा कार्यालयातल्या पंख्याखाली बसणाऱ्यांनीच करावी! तो पोशाख विकत घेण्याइतकी मजुरी त्याला कोण देतो? काम नाकारले तर त्या दिवशी चूल कशी पेटते?

फवारणी तरी इतकी का वाढली? २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी संपली, फवारणी संपली, असा डांगोरा पिटला गेला. दीड दशकाच्या आत गुलाबी बोंडअळीने त्या बियाण्याला दाद देणे सोडले. बियाण्याचे पैसे वसूल झालेच होते. आता औषधाचेही वसूल होऊ लागले. एकाच शेतकऱ्याच्या खिशाला दोन बाजूंनी कात्री लागली, आणि त्या व्यवहाराची अखेरची किंमत मजुराच्या फुफ्फुसांनी चुकती केली.

कायदा नाही असे नाही. १९५८ साली केरळमध्ये पॅराथिऑन मिसळलेल्या धान्याने शंभरावर माणसे दगावली, तेव्हा कोठे सरकार जागे झाले. आणि तरीही कीटकनाशक कायदा व्हायला १९६८ साल उजाडले. १९७१ च्या नियमांत संरक्षक पोशाख आहे, प्रशिक्षण आहे, प्रथमोपचार व उताऱ्याचा साठा आहे, व्यावसायिक फवारणी करणाऱ्यांची नियतकालिक वैद्यकीय तपासणीही आहे. परंतु रोजावर फवारणीला जाणाऱ्या मजुरापर्यंत ही तपासणी कधी पोचलीच नाही. बाधित मजुराला भरपाई देण्याची जबाबदारी या कायद्याने उत्पादकावर टाकलेली नाही. राज्य सरकारला एखाद्या औषधाची विक्री थांबवता येते, पण तीही जास्तीत जास्त ९० दिवस. कायमचा निर्णय दिल्लीच्या हाती. २०२० साली केंद्राने २७ कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला. यवतमाळमध्ये गाजलेल्या प्रोफेनोफॉस आणि डायफेन्थियुरॉन यांचे नावही त्यात नव्हते. उद्योगाने आरडाओरड केली, आणि २०२३ साली प्रत्यक्ष बंदी उरली ती बोटांवर मोजण्याइतक्याच रसायनांवर!

डायफेन्थियुरॉनची कथा तर साम्राज्यशाही व्यापाराचा धडाच आहे. युरोपीय संघ आणि स्वित्झर्लंड यांनी आपल्या शेतांतून हे रसायन हद्दपार केले. तरीही २०१७ साली ७५ टन डायफेन्थियुरॉन स्वित्झर्लंडमधून भारतात आले. तिथल्या शेतकऱ्याला जे घातक, ते वऱ्हाडातल्या शेतमजुराला सुरक्षित कसे? २०२१ पासून स्विस सरकारने त्याची निर्यातही थांबवली. मग मरणारा निष्काळजी होता, की विकणारा?

आरोग्यव्यवस्थेचे चित्र याहून वेगळे नाही. प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस रसायने शरीरातील कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. घाम, लाळ, उलट्या सुरू होतात, बाहुल्या आकुंचन पावतात, शेवटी श्वास थांबतो. अॅट्रोपिन वेळेवर मिळाले तर अनेक जीव वाचतात. प्रश्न घटकांचा असतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कधी डॉक्टर नसतो, कधी औषध नसते, कधी रुग्णवाहिका नसते. रक्तातील कोलिनेस्टरेज तपासण्याची सोय शहरातल्या मोठ्या रुग्णालयात. मजूर मात्र शेताच्या बांधावर कोसळतो.

यातून मार्ग नाही काय? कासरगोडने तो दाखवला आहे. केरळच्या या जिल्ह्यात सरकारी मालकीच्या काजू मळ्यांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरमधून एन्डोसल्फान फवारले गेले. पुरावा कुठे आहे, असे तेथेही विचारले गेले. गावच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, स्थानिक कार्यकर्त्यांनी न्यायालय गाठले, आणि २००० साली हवाई फवारणी थांबली. पुढे डीवायएफआयच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एन्डोसल्फानच्या उत्पादनावर व वापरावर देशभर स्थगिती आणली, आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हे कोणाच्या दयेने घडले नाही. नोंदवह्या, मोर्चे आणि चिकाटी यांनी घडले.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. परदेशात निषिद्ध ठरलेली रसायने येथे बंद करा. विषबाधेची प्रत्येक घटना नोंदवणे सक्तीचे करा; कायद्याच्या कलम २६ नुसार तसा अधिकार राज्य सरकारांना आहेच. फवारणीच्या हंगामात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅट्रोपिन, प्राणवायू व प्रशिक्षित डॉक्टर ठेवा. भरपाईचा भार सरकारी तिजोरीवर नव्हे, उत्पादकावर टाका. आणि किसान सभा व शेतमजूर युनियनच्या शाखांनी गावोगाव बाधितांची नोंदवही आजच सुरू करावी. कारण ज्याची नोंद नाही, तो मजूर सरकारच्या लेखी कधी विषाने मेलेलाच नसतो.