बांधावरील वस्ती

शेतकरी बंधूंस एक गोष्ट स्पष्टपणें सांगण्याची वेळ आली आहे, असें आम्हांस वाटतें. देशावरील कोरडवाहू गांवांतून आज हिंडूं लागलें तर मागल्या पिढींतील बांध ओळखूं येत नाहींत. जेथें बैलगाडी सहज जाई, तेथें आतां माणसास पाऊल जपून टाकावें लागतें. भावाभावांच्या वाटण्या झाल्या; प्रत्येकानें नांगराचा फाळ दर सालीं वीतभर पुढें सरकविला; ट्रॅक्टर आल्यापासून तर तें काम फारच सोपें झालें. उरलेल्या पट्टीवरील बाभळी वीटभट्टीस गेल्या, फाल्गुनांत गवतास काडी लागली, आणि काडीनेंही जें हटलें नाहीं त्यावर तणनाशकाचा फवारा बसला. असा बांध लोक स्वच्छ म्हणून दाखवितात. आमच्या मतें तो स्वच्छ नसून ओसाड आहे, आणि त्या ओसाडीची किंमत शेजारच्या पिकास द्यावी लागते.

बांध कोरून हातीं येतें तें किती, याचा हिशेब एकदां मांडून पाहावा. एक एकर चौरस शेताची बाजू सुमारें २०९ फूट भरते. चारही बाजूंनीं दोन दोन फूट बांध कोरला, तर मिळणारी जमीन दीड गुंठ्याच्या आसपास, म्हणजे चाळीस भागांतील दीड भाग होय. तीही मुरमाड, मुळ्यांनीं भरलेली, तुडवून घट्ट झालेली. त्या दीड गुंठ्यावर येणारी ज्वारी आणि त्यापायीं जन्मभर चालणारा शेजाऱ्याशीं तंटा, यांची वजाबाकी ज्यानें त्यानें करावी. त्या पट्टीवर पूर्वी कोण राहत होतें आणि तें वर्षभर काय करीत होतें, हें पाहणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें.

आपलें वर्ष मृगापासून सुरू होतें, तेव्हां तेथूनच आरंभ करूं. वळवाच्या सरी पडून गेल्या कीं पावश्या ओरडूं लागतो. ‘पेरते व्हा’ असा त्याच्या बोलण्याचा अर्थ वाडवडिलांनीं लावला आहे, व तो कानास गोडही लागतो. परंतु पक्ष्याच्या हांकेवर तिफण जुंपूं नये. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेली कीं नाहीं, हें माती उकरूनच पाहिलें पाहिजे. याच दिवसांत दिवेलागणीच्या सुमारास जमिनींतून तपकिरी भुंगेरे निघतात आणि बांधावरील निंब, बाभूळ व बोर यांवर गर्दी करतात. हेच हुमणीचे आईबाप. तीं पानें खातात, तेथेंच नरमादी एकत्र येतात, आणि मग मादी शेतांत उतरून मातींत अंडीं घालते. पुढें तिची अळी ऊंस, भुईमूग यांच्या मुळ्या कुरतडून उभें पीक वाळविते.

यावरून कांहीं मंडळी असें प्रतिपादन करतात कीं, हुमणीस बांधावरचीं झाडेंच पोसतात, तेव्हां झाडें तोडावीं. हें म्हणणें वरवर खरें दिसतें, म्हणून त्यास उत्तर देणें अवश्य आहे. झाड तोडल्यानें भुंगेरा उपाशीं मरत नाहीं. तो शेजाऱ्याच्या निंबावर जातो आणि अंडीं घालावयास आपल्याच रानांत परततो. झाड असेल तर वर्षांतून याच एका वेळीं हा शत्रु एका ठिकाणीं सांपडतो. रात्रीं आठ-नऊच्या सुमारास फांद्या जोरानें हालवाव्या, खालीं पडलेले भुंगेरे वेंचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यांत टाकावे, आणि हें काम पहिल्या पावसानंतर लागोपाठ कांहीं रात्रीं करावें. हुमणीची वर्षांतून एकच पिढी होते, म्हणून या रात्रीं मारलेली प्रत्येक मादी हिशेबांत मोठी ठरते. मात्र एकट्यानें केल्यास फळ थोडें. साऱ्या शिवारानें मिळून केलें तरच उपयोग. जो गांव गणपतीच्या वर्गणीसाठीं एकत्र येतो, तो चार रात्रीं कंदील घेऊन कां येऊं नये?

आषाढ-श्रावणांत बांधावर उगवणारा भाजीपाला घरच्या बायकांस आपल्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा, कोठें कुंपणावर चढलेली करटुली. ज्या दिवसांत मळ्यांतील भाजी महाग, त्याच दिवसांत ही फुकट मिळते. मागल्या दुष्काळांतून अशा रानभाज्यांनीं किती घरें तगविलीं, हें वडीलधाऱ्यांस विचारावें. तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी मात्र कोणीं चुकूनही खुडूं नये. हराळी, कुंदा आणि लव्हाळा हे तीन वैरी बांधावरून शेतांत शिरतात, अशी तक्रार होते, व ती रास्त आहे. त्यांस अडविण्यास बांध व पीक यांच्यामध्यें नांगराचें एक खोल तास उघडें ठेवावें आणि हातभर कडा दर सालीं खणून काढावी. उरलेल्या बांधावर मारवेल, पवन्या यांसारखें चांगलें गवत धरूं द्यावें. ज्या हराळीस आपण वर्षभर शिव्या देतों, तिच्याच एकवीस जुड्या भाद्रपदांत शोधीत हिंडतों, हें जातां जातां लक्षांत आणून द्यावेंसें वाटतें.

विहिरीवर वांकलेल्या बाभळीस याच सुमारास सुगरणीचे खोपे लोंबूं लागतात. नांव स्त्रीचें असलें तरी विणणारा नर असतो. अलिबाग तालुक्यांतील किहीम येथें डॉ. सालीम अली यांनीं १९३० सालीं या पक्ष्याचें बारकाईनें निरीक्षण केलें, तेव्हां एकच नर अनेक खोपे विणून अनेक माद्यांशीं संसार मांडतो, हें उघडकीस आलें. सुगरण धान्य खाते, हें खोटें नाहीं. परंतु पिलांच्या चोंचींत ती किडे व नाकतोडे घालते, आणि पिलांचे ते दिवस आपल्या खरिपाचेच दिवस असतात.

खरी परीक्षा रब्बींत होते. हरभरा फुलावर आला कीं घाटेअळी येते. शेतकी खातें व विद्यापीठें हेक्टरीं पन्नास पक्षीथांबे लावण्यास सांगतात, म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या रोवावयाच्या. त्यांवर कोतवाल व साळुंकी बसून अळ्या टिपतात. शिफारस उत्तम आहे, आणि आम्हीही ती करतों. परंतु बांधावरची बाभूळ विकून मग शेतांत काठ्या रोवणारा शेतकरी पाहिला कीं हंसावें कीं रडावें, हें कळत नाहीं. कोतवालास बसावयास काठी चालते. घरटें करावयास झाड लागतें.

उंदरांची गोष्ट याहून मोठी आहे. ज्वारीच्या थोट्यांत, उसाच्या सरींत आणि बांधाच्या बिळांत उंदीर वाढतो, व एका जोडीचें कुटुंब वर्षभरांत किती होतें, हें धान्याची कणगी असलेल्यास सांगावयास नको. त्यावर दिवसा कापशी घार हवेंत जागच्या जागीं पंख हालवीत नजर ठेविते. रात्रीं गव्हाणी घुबड आणि पिंगळा बाहेर पडतात. बिळांत धामण शिरते, मुंगूस शिरतें. घुबडास अशुभ मानून ढोलीचें झाड तोडणारे लोक त्यालाच लक्ष्मीचें वाहन म्हणतात. दोहोंपैकीं दुसरें मत शेतकऱ्याच्या अधिक फायद्याचें आहे. धामण बिनविषारी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला अभय आहे. तरी ती दिसली कीं काठी उगारली जाते. नाग, घोणस यांचें भय आम्ही थट्टेवारी नेत नाहीं. रात्रीं पाणी द्यावयास जाणाऱ्यानें विजेरी व गुडघ्यापर्यंतचे बूट वापरावे, गवतांत हात घालण्यापूर्वी काठीनें चाळवावें, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां सरळ दवाखाना गांठावा.

विषाविषयीं एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. ब्रोमॅडिओलोनसारखें विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाहीं. तो सुस्त होऊन उघड्यावर येतो, आणि तोच घुबडाच्या हातीं प्रथम लागतो. मग विष घुबडाच्या पोटांत जातें. असें होऊं शकतें कीं काय, अशी शंका असणाऱ्यानें गिधाडांकडे पाहावें. डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध टोंचलेलें जनावर मेलें, गिधाडांनीं तें खाल्लें, आणि मूत्रपिंडें निकामी होऊन तीं हजारोंनीं मेलीं. जनावरांसाठीं त्या औषधावर सरकारनें २००६ सालीं बंदी घातली. पण बहुतेक गांवांच्या आकाशांत गिधाडें परत आलेलीं नाहींत. तें टोंचणाऱ्यांच्या मनांत गिधाड मारावयाचें कधींच नव्हतें. म्हणून विष घालणें भागच पडल्यास बिळांतच घालावें, आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावे.

रानांतील सर्वच प्राणी आपले मित्र आहेत, असा आमचा दावा नाहीं. हिंवाळ्यांत भोरड्यांचे थवे मध्य आशियांतून येतात आणि हुरड्यावर आलेल्या ज्वारीचें कणीस पाहतां पाहतां रिकामें करतात. तोच पक्षी टोळ व नाकतोडेही फस्त करतो, हें खरें. पण कणसें भरण्याच्या दिवसांत गोफण हातीं घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. रानडुकरांचा उपद्रव तर कित्येक भागांत असह्य झाला आहे, आणि एका रात्रींत भुईमुगाचें रान उकरून गेलेल्या शेतकऱ्यापुढें निसर्गाच्या समतोलावर व्याख्यान देणें आम्हांस निर्दयपणाचें वाटतें. त्यानें वेळेवर पंचनामा करवून सरकारी नुकसानभरपाई मागावी. मात्र डुकरें दडतात कोठें, हेंही त्यानें पाहावें. तीं मारवेलींत दडत नाहींत. वेडी बाभूळ आणि घाणेरी यांच्या जाळ्या माजल्या म्हणजे त्यांस दिवसाचा आसरा मिळतो.

हीं दोन्हीं झुडपें परदेशांतून आलेलीं, आणि अशा परक्यांस बांधावर जागा देऊं नये, असें आमचें ठाम मत आहे. फड्या निवडुंगानें एके काळीं माळच्या माळ व्यापले होते. १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून कोचिनील जातीचा किडा आणून सोडला, तेव्हां तो हटला. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नजरेस आलें व आतां तें कोठें नाहीं, असें नाहीं. त्यावर मेक्सिकोंतील भुंगा आणून १९८४ सालीं सोडण्यांत आला, तो पावसाळ्यांत पानें खातो, पण मुळासकट उपटण्याचें काम आपल्यालाच उरतें. फुलावर येण्यापूर्वीच तें उपटावें. तेव्हां बांध राखणें म्हणजे वाटेल तें माजूं देणें नव्हे.

उन्हाळ्याविषयीं थोडक्यांत लिहितों. पळस फुलतो, निंबाला मोहर येतो, आणि ज्यांनीं कांद्याचें बियाणें धरलें आहे त्यांस मधमाशीची गरज याच सुमारास कळते. माशी कमी तर गोंडे पोकळ. बांधावर फूल नसेल तर माशी टिकत नाहीं. पेटविलेल्या बांधावर तित्तराचीं व टिटवीचीं अंडीं भाजतात, झाडांच्या बुंध्यांच्या साली करपतात, आणि वळवाच्या पहिल्या पावसांत उघडी पडलेली माती ओढ्यांत जाते. गवत पेटविण्याऐवजीं कार्तिक-मार्गशीर्षांत बीं झडल्यावर कापून गंजी घालावी. वैरण होते, आणि आगीचें भयही उरत नाहीं. झाडाच्या सावलीखालीं पीक खुरटतें, ही अडचण खरी आहे. तेव्हां शेताकडील फांद्या दर हिंवाळ्यांत छाटाव्या, बुंधा राखावा. निंबाखालीं पडलेल्या निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढांत गोळा करून वाळवाव्या. पांच किलो निंबोळीची भुकटी शंभर लिटर पाण्यास या प्रमाणाचा अर्क पुढें हरभऱ्यावर फवारतां येतो.

राहिली गोष्ट तंट्याची. सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा एकदां कायम कराव्या. त्या हालविणें हा कायद्यानें गुन्हा आहे. आणि ज्या घरांत येत्या हंगामापूर्वी वाटणी व्हावयाची असेल, तेथें वाटणीपत्रांत बांधाची रुंदी फुटांत लिहावी, त्यावरील प्रत्येक झाड मोजून कोणत्या जातीचें तें नमूद करावें, आणि तें तोडावयाचें झाल्यास दोन्ही बाजूंच्या खातेदारांची संमति लागेल, असें एक कलम घालावें.